सामोआतले मताई आणि आधुनिक राज्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅसिफिक महासागरातल्या छोट्या देशांमध्ये संसद आहे, राज्यघटना आहे, न्यायालयं आहेत. गावात मात्र आजही प्रमुखांचा शब्द चालतो. या दोन सत्ता एकत्र कशा नांदतात, कुठे एकमेकींना धरून असतात आणि कुठे भिडतात, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची ही उत्तरं. चर्चा मुख्यतः सामोआची आहे. शेजारच्या बेटांचा उल्लेख शेवटी येईल.

सामोआच का?

कारण पारंपरिक प्रमुखपद आणि आधुनिक राज्य यांची इतकी घट्ट गुंफण दुसरीकडे क्वचितच सापडते. देश लहान आहे: सुमारे २,८४० चौरस किलोमीटर जमीन आणि दोन लाखांच्या आसपास वस्ती. उपोलू आणि सव्हाई ही दोन मोठी बेटं, राजधानी आपिया उपोलूवर. १ जानेवारी १९६२ रोजी न्यूझीलंडच्या कारभारातून तो स्वतंत्र झाला. विसाव्या शतकात स्वातंत्र्य मिळवणारा पॅसिफिकमधला हा पहिला द्वीपदेश. १९९७ पर्यंत त्याचं नाव पश्चिम सामोआ होतं. राज्यघटनेच्या प्रास्ताविकेतच लिहिलं आहे की हे राज्य ख्रिस्ती तत्त्वांवर आणि सामोअन रूढी-परंपरांवर उभं आहे. म्हणजे इथे प्रमुखपद राज्याबाहेर उरलेलं नाही, ते राज्याच्या पायातच आहे.

मताई म्हणजे नेमकं कोण? राजा, सरदार की सरपंच?

तिघांपैकी कुणीच नाही. सामोआत कुटुंब म्हणजे आइंगा, आणि ते चार भिंतींतलं कुटुंब नव्हे. त्यात काका-मामा, आत्या-मावश्या, चुलत-मावस भावंडं, परदेशी गेलेले नातलग असा मोठा गोतावळा येतो. प्रत्येक आइंगाकडे एक किंवा अनेक पदनामं असतात. ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि ठराविक गावाशी, ठराविक जमिनीशी बांधलेली असतात. असं पदनाम धारण करणारी व्यक्ती म्हणजे मताई. पदनाम मिळालं की ते तिच्या नावाचा भाग होतं आणि लोक तिला त्याच नावाने हाक मारतात.

मताईंचे ढोबळमानाने दोन प्रकार. आलीई हे मानाचे प्रमुख आणि तुलाफाले हे वक्ते. सभेत बोलणं, वंशावळी आणि मानपान तोंडपाठ ठेवणं, भेटवस्तूंची देवघेव सांभाळणं ही तुलाफालेंची कामं. उंच पदाचा आलीई पुष्कळदा कमी बोलतो आणि त्याच्या वतीने वक्ता बोलतो. बाहेरच्या माणसाला वाटतं की बोलणाराच मोठा. सामोआत तो हिशेब वेगळा आहे.

हे पद बापाकडून मुलाकडे जातं का?

आपोआप जात नाही. थोरल्या मुलाचा हक्क असलेली वतनदारी डोळ्यांपुढे ठेवून वाचलंत तर गल्लत होईल. पदनामाच्या मूळ पुरुषापासूनचे सगळे वारस, बापाकडून असोत वा आईकडून, दावा सांगू शकतात. त्यातून निवड आइंगाने बसून, बोलून करायची. वंश महत्त्वाचा असतोच, पण त्याच्या जोडीला तौतुआ, म्हणजे कुटुंबाची केलेली सेवा, पाहिली जाते. घरच्या लग्नाकार्यांत, मयतीत, चर्चच्या कामात कोण राबलं, कोणी पैसा उभा केला, आधीच्या मताईच्या म्हातारपणी त्याचं कोणी केलं, हे सगळं मोजलं जातं. सत्तेची वाट सेवेतून जाते, ही म्हण सामोआत उठता-बसता ऐकू येते, आणि निदान निवडीच्या बैठकीत तरी ती नुसती म्हण राहत नाही.

निवड झाली की साओफाई हा पदग्रहणाचा विधी होतो. गावचे मताई जमतात, आवा या मुळांपासून केलेल्या पेयाचं वाटप होतं, भाषणं होतात आणि नवा मताई सगळ्यांपुढे आपलं पदनाम स्वीकारतो. गावाने असं स्वीकारल्याशिवाय नुसत्या घरच्या निवडीला वजन नसतं. दिलेलं पद आइंगा काढूनही घेऊ शकते.

एकमत झालं नाही तर?

तर प्रकरण जमीन व पदनाम न्यायालयात जातं. या न्यायालयाचं मूळ जर्मन अमदानीतल्या १९०३ च्या आयोगात आहे. इथले न्यायाधीश प्रामुख्याने रूढीचे जाणकार असतात आणि वकिलांना इथे पूर्वापार मज्जाव आहे. पक्षकार आपली वंशावळ, आपल्या कुटुंबाचा इतिहास, जुने निवाडे स्वतः मांडतात. एकाच पूर्वजाच्या दोन परस्परविरोधी कथा ऐकून निकाल द्यायचा म्हणजे सोपं काम नाही. खटले वर्षानुवर्षं लांबतात, आणि पुष्कळदा एकच पदनाम अनेकांना विभागून दिलं जातं. भांडण मिटतं, पण पदनामाचं वजन थोडं उतरतं.

गावचा कारभार प्रत्यक्षात कसा चालतो?

गावच्या मताईंची सभा म्हणजे फोनो. ती बिनभिंतींच्या, गोल किंवा लंबगोल मोठ्या घरात भरते आणि घराचा खांब न्‌ खांब कुणाचा ते ठरलेलं असतं. मानाचे आलीई गोलाकार टोकांच्या खांबांना पाठ टेकून बसतात, वक्ते पुढच्या बाजूच्या खांबांशी. कुणी चुकीच्या खांबाशी बसलं तर एक शब्दही न बोलता सगळ्यांना कळतं की काहीतरी बिनसलं आहे. मोकळ्या जागेत औपचारिक भाषण करायचं झालं की वक्ता हातात काठी घेतो आणि नारळाच्या काथ्याची चवरी खांद्यावर टाकतो. प्रत्येक गावाची फाआलुपेंगा असते, म्हणजे त्या गावातल्या पदनामांना क्रमाने मान देणारी ठरीव अभिवादनं. भाषणाची सुरुवात त्यांनी होते. ती चुकली तर पुढचं बोलणं कितीही चांगलं असो, माणूस पडलाच.

निर्णय हात वर करून होत नाहीत. बोलणं चालू राहतं, वाकवत वाकवत सगळ्यांना एका जागी आणलं जातं आणि मग निर्णय जाहीर होतो. फोनोने ठरवलेलं अमलात आणतात आउमांगा, म्हणजे गावातले पदनाम नसलेले पुरुष. ते शेती करतात, मासेमारी करतात, स्वयंपाक रांधतात आणि बंदोबस्तही पाहतात. गावच्या स्त्रियांची वेगळी समिती असते. आरोग्य, स्वच्छता आणि चटया विणण्याचं काम यांत तिचा शब्द मानला जातो.

फोनोला कायद्याने अधिकार आहेत का?

आहेत. १९९० च्या ग्राम फोनो कायद्याने रूढीनुसार चालणाऱ्या फोनोच्या सत्तेला लेखी मान्यता दिली. गैरवर्तनाबद्दल दंड करता येतो आणि गावच्या जमिनीवर काम करायला लावता येतं. दंड बऱ्याचदा डुकरं, डबाबंद माशांच्या पेट्या, चटया किंवा रोख रकमेत असतो. सरकार आणि गाव यांच्यामधला दुवा म्हणून गावानेच निवडलेला एक प्रतिनिधी असतो. त्याला सरकारकडून मानधन मिळतं.

या व्यवस्थेचा उपयोग कुठे दिसतो? मासेमारीचं उदाहरण घ्या. गावं आपल्या खाडीसाठी उपविधी करतात: अमुक भागात मासे धरायचे नाहीत, अमुक मापाची जाळी वापरायची नाहीत. मत्स्यव्यवसाय कायद्याखाली या उपविधींना मान्यता मिळू शकते, मग बाहेरच्या माणसालाही ते लागू होतात. आपियातल्या कार्यालयातून प्रत्येक खडकावर पहारा ठेवणं शक्य नाही. गावाला मात्र आपल्या खाडीत कोण उतरलं ते घरबसल्या दिसतं. छोट्या देशाला हे केवढ्याला पडतं याचा विचार करा. गावोगावी पोलीस ठेवायचे तर तिजोरी रिकामी होईल, आणि तरीही लोक त्यांचं इतकं ऐकणार नाहीत.

इफोंगा म्हणजे काय?

जाहीर क्षमायाचना. खून, गंभीर मारहाण किंवा मोठा अपमान घडला की अपराध्याच्या कुटुंबाचे लोक, त्यांच्या मताईसह, पहाटेच पीडित कुटुंबाच्या घरापुढे येऊन बसतात. डोकं खाली, अंगावर इए तोंगा पांघरलेली. ही अतिशय बारीक विणीची चटई असते. ती विणायला महिने, कधी वर्षं लागतात. २०१९ साली तिच्या विणकामाला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. पांघरलेली माणसं उन्हापावसात तशीच बसून राहतात. घरातून कुणीतरी बाहेर येऊन चटई उचलली की क्षमा झाली. कुणी आलंच नाही, किंवा संतापाने अंगावर धावून आलं, तरी उठायचं नाही.

अपराध एकट्याचा, पण मान खाली घालतो त्याचा मताई. पदाची किंमत काय असते ते इथे दिसतं. इफोंगा झाला म्हणून फौजदारी खटला टळत नाही, पण शिक्षा ठरवताना न्यायालयं त्याची दखल घेतात. सूडाची साखळी तोडणारी ही प्रथा मला सामोअन समाजाची सर्वांत मोठी कमाई वाटते.

जमीन कुणाची?

देशातली सुमारे ८० टक्के जमीन रूढीची आहे. ती व्यक्तीच्या नावावर नसते, पदनामाशी जोडलेली असते. मताई तिचा कारभारी असतो, मालक नव्हे. राज्यघटनेच्या १०२ व्या कलमाने अशी जमीन विकायला किंवा गहाण टाकायला बंदी आहे, आणि ते कलम बदलायचं तर संसदेतल्या बहुमतावर भागत नाही, जनमतही घ्यावं लागतं. १९६५ च्या कायद्यानुसार भाडेपट्ट्याने जमीन देता येते, हॉटेलांसाठी ती तशी दिलीही जाते.

प्रमुखपद टिकून राहण्याचं खरं कारण मला इथे दिसतं. पदनाम नुसतं मानाचं असतं तर शाळा, पगार आणि शहर आल्यावर ते विरून गेलं असतं. पण घर कुठे बांधायचं, तारोची लागवड कुठे करायची, मेल्यावर कुठे पुरायचं हे पदनामाकडून ठरतं. म्हणूनच जमिनीची नोंदणी, कर्जासाठी तारण अशा सुधारणांची नुसती भाषा निघाली तरी सामोआत वातावरण तापतं. २००८ च्या जमीन नोंदणी कायद्यावर हेच झालं. एका मताईच्या नावाने नोंद झाली तर उद्या तो मालकच होऊन बसेल, ही लोकांची भीती होती. ती भीती अनाठायी होती असं मला वाटत नाही.

वसाहतींच्या काळात हे सगळं मोडलं कसं नाही?

मोडायचे प्रयत्न झाले. १९०० मध्ये जर्मनीने ताबा घेतल्यावर गव्हर्नर विल्हेल्म सोल्फने सर्वोच्च सत्तेची जुनी पदं बाजूला सारली. त्याविरुद्ध उभे राहिलेले थोर वक्ते लाउआकी नामुलाउउलू मामोए यांना १९०९ मध्ये सैपान बेटावर हद्दपार केलं. परतीच्या वाटेवरच, १९१५ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला.

ऑगस्ट १९१४ मध्ये न्यूझीलंडचं सैन्य उतरलं. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी तालून नावाचं जहाज आपियाला लागलं. जहाजावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण होते, तरी त्याला वेगळं ठेवलं गेलं नाही. काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसं दगावली, म्हणजे पाचातलं एक. गावंच्या गावं जाणत्या मताईंना मुकली. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवलं आणि तिथे या साथीने एकही बळी घेतला नाही. हा फरक लोक विसरले नाहीत. त्यातच मताईंची पदं काढून घेण्याचा आणि त्यांना गावाबाहेर धाडण्याचा अधिकार प्रशासनाने १९२२ मध्ये स्वतःकडे घेतला.

या संतापातून माऊ चळवळ पेटली. ‘सामोआ सामोअन लोकांचा’ ही तिची घोषणा होती आणि मार्ग अहिंसक असहकाराचा. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपियात शांततेने चाललेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे हे उच्च प्रमुख लोकांना शांत राहायला सांगत होते. तेही त्यात गेले. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी या सगळ्याबद्दल माफी मागितली. वसाहतवाद्यांनी मताईंना हात लावला आणि त्यामुळेच मताईपद स्वातंत्र्याचं प्रतीक बनलं. पुढे घटना लिहायला बसलेल्यांच्या मनात हे सगळं ताजं होतं.

मतदानाचा हक्क फक्त मताईंनाच होता, हे खरं का?

खरं आहे. मे १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली जनमत झालं, त्यात सर्व प्रौढांनी मत दिलं आणि घटना मंजूर केली. पण त्यानंतरच्या निवडणुकांत, सामोअन वंशाचे नसलेल्यांसाठी राखलेल्या मोजक्या जागा सोडल्या तर, मत द्यायचा आणि उभं राहायचा हक्क मताईंपुरताच राहिला. युक्तिवाद असा की मताई म्हणजे कुटुंबाचा आवाज, त्याचं मत हे सगळ्यांचं मत.

झालं भलतंच. मतं वाढवायची तर मताई वाढवा, हे उमेदवारांना लवकरच उमगलं. एकेक पदनाम अनेकांना वाटलं जाऊ लागलं, निवडणुकीपुरती पदं निर्माण झाली. अशांना लोक मतपेटीचे मताई म्हणू लागले. मताईंची मक्तेदारी राखायला केलेला नियमच पदाची पत घालवत होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकरण न्यायालयातही गेलं. सर्वोच्च न्यायालयाने हा नियम समतेच्या विरुद्ध ठरवला, पण १९८२ मध्ये त्याच्याही वर असलेल्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. शेवटी ऑक्टोबर १९९० मध्ये जनमत घेतलं गेलं. थोडक्या फरकाने २१ वर्षांवरील सर्वांना मताधिकार मिळाला. मताईंचं वेगळं वरिष्ठ सभागृह असावं का, या दुसऱ्या प्रश्नाला लोकांनी नकार दिला.

उमेदवार मात्र आजही मताईच असावा लागतो. शिवाय त्याने गावात मोनोतांगा, म्हणजे मताई म्हणून द्यावयाची सेवा आणि वर्गणी, सलग काही वर्षं पार पाडलेली असावी लागते. निवडणुका आल्या की अर्ज बाद ठरवण्यासाठी या अटीवरून खटल्यांची रांग लागते. गावाशी संबंध तोडून राजधानीतून राजकारण करू नये, हा हेतू मला पटतो. पण एखाद्याची सेवा झाली की नाही हे सांगणारी फोनोच असते आणि तिचा स्वतःचाही आवडता उमेदवार असतो, ही अडचण उरतेच.

फोनोने कुणाला गावाबाहेर काढलं तर त्याने जायचं कुठे?

हा सर्वांत दुखरा प्रश्न. गावाबाहेर काढणं ही सामोअन रूढीतली सर्वांत कडक शिक्षा. घर, शेत, पूर्वजांच्या कबरी, सगळं एका दिवसात सुटतं. बहुतेकदा माणूस आईच्या किंवा बायकोच्या गावी आसरा शोधतो.

१९९३ साली उपोलूवरच्या लोना गावात फोनोला न जुमानणाऱ्या एका माणसाला गावकऱ्यांनी ठार मारलं आणि त्याचं घरदार जाळलं. देश हादरला. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत सव्हाईवरच्या गावांतून निराळीच प्रकरणं आली: गावाने मान्य केलेल्या चर्चऐवजी वेगळे बायबल वर्ग चालवले म्हणून कुटुंबांवर कारवाई झाली. त्यांत सर्वोच्च न्यायालयाने घटनेतल्या ११ व्या कलमातलं धर्मस्वातंत्र्य फोनोच्याही वर असल्याचं सांगितलं. निकाल योग्यच होते. पण कागद घेऊन गावात परतलेल्या माणसाशी कुणी बोललंच नाही, तर तो निकाल त्याच्या काय कामाचा? फोनोच्या बाजूने बोलणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं. व्यक्तीला बाहेर पडायला एक दार उघडं असेल तरच गावाची सत्ता सहन करण्याजोगी राहते, असं माझं ठाम मत आहे.

मग २०२० चा वाद कशावरून होता?

नेमका याच दारावरून. डिसेंबर २०२० मध्ये संसदेने तीन कायदे संमत करून जमीन व पदनाम न्यायालय इतर न्यायव्यवस्थेपासून वेगळं केलं आणि त्याला स्वतःची अपील शाखा दिली. समर्थक म्हणत, रूढीचे प्रश्न रूढीच्याच न्यायालयात सुटावेत. विरोधक म्हणत, मूलभूत हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याची वाट बंद होते आहे. उपपंतप्रधान फिआमे नाओमी माताआफा यांनी या प्रश्नावर राजीनामा दिला. त्या पहिल्या पंतप्रधानांच्या कन्या, स्वतः उच्च पदाच्या मताई. परंपरेच्या नावाने आणलेल्या कायद्याला परंपरेच्या आतल्याच व्यक्तीने विरोध केला, म्हणून त्याला धार आली.

एप्रिल २०२१ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष आणि फिआमेंचा पक्ष यांना २५-२५ जागा मिळाल्या आणि एक अपक्ष फिआमेंकडे आला. दोन दशकांहून जास्त काळ पंतप्रधान असलेले तुइलाएपा पद सोडेनात. २४ मे रोजी संसदेची दारं बंद होती, तेव्हा फिआमेंच्या पक्षाने बाहेर हिरवळीवर तंबू ठोकून शपथ घेतली. जुलैमध्ये अपील न्यायालयाने ती शपथ वैध ठरवली आणि त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. २०२५ पर्यंत त्या पदावर होत्या.

स्त्रिया मताई होऊ शकतात का?

कायद्याने कुठलीही आडकाठी नाही, आणि स्त्री मताई आहेतही. पण संख्या पुरुषांच्या तुलनेत फार कमी आहे, आणि काही गावं स्त्रीला पदनाम देतच नाहीत किंवा फोनोत बसू देत नाहीत. उमेदवारीला मताईपद लागतं, म्हणून गावातली ही अडवणूक थेट संसदेपर्यंत पोहोचते. २०१३ च्या घटनादुरुस्तीने संसदेत किमान १० टक्के स्त्रिया असाव्यात असं ठरवलं. आकडा कमी पडला तर सर्वाधिक मतं मिळवलेल्या पराभूत स्त्री उमेदवारांना जादा जागा मिळतात. उपाय चांगला आहे, पण तो वरून लावलेला आहे. फोनोच्या घरातले खांब स्त्रियांना मोकळे होईपर्यंत त्याला मर्यादा राहणार.

राष्ट्रप्रमुख कोण होतं?

स्वातंत्र्यावेळी मालिएतोआ तानुमाफिली दुसरे आणि तुपुआ तामासेसे मेआओले हे दोन उच्च प्रमुख संयुक्तपणे, तहहयात. मेआओले १९६३ मध्ये गेले, मालिएतोआ २००७ पर्यंत पदावर होते. आता संसद पाच वर्षांसाठी निवड करते. चार थोर वंशांपैकीच कुणी हवं असं घटना सांगत नाही, पण आजवर निवड त्यांतूनच झाली आहे.

परदेशी राहणाऱ्यांचं काय?

न्यूझीलंडमध्येच दोन लाखांवर सामोअन आहेत, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत आणखी. त्यांनी पाठवलेल्या पैशावर देशाचं अर्थकारण मोठ्या प्रमाणात उभं आहे. ऑकलंडच्या कारखान्यात काम करणारा माणूस सुट्टीत येऊन पदनाम घेतो, गावाला जेवण घालतो आणि परत जातो. फोनोत त्याची जागा रिकामी राहते, पण वर्गणीत त्याचं नाव पहिलं असतं. सेवा म्हणजे हजर राहून राबणं की पैसे पाठवणं, यावर सध्या घराघरांत वाद आहेत.

शेजारच्या बेटांवर काय चित्र आहे?

अमेरिकन सामोआत परंपरा तीच, झेंडा अमेरिकेचा. तिथल्या सिनेटमध्ये मताईच जातात आणि त्यांची निवड प्रथेनुसार होते. टोंगात राजा आणि सरदार आहेत. १८७५ ची घटना आजही पाया आहे, आणि २०१० च्या सुधारणांनंतर जनतेचे १७ आणि सरदारांचे ९ प्रतिनिधी निवडले जातात. फिजीत प्रमुखांची महापरिषद लष्करी राजवटीने २०१२ मध्ये मोडीत काढली होती, २०२३ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. मार्शल बेटांवर इरोज या प्रमुखांची परिषद संसदेला रूढी आणि जमिनीच्या बाबतीत सल्ला देते.

परक्या माणसाला मताई होता येतं का?

मानद पदनामं दिली जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रकुल परिषदेसाठी आलेल्या राजे चार्ल्स यांना तुई ताउमेआसिना हे पदनाम मिळालं. अशा मानाबरोबर जमिनीवरचा किंवा फोनोतल्या निर्णयांवरचा हक्क येत नाही.

पर्यटक म्हणून गावात जायचं असेल तर?

समुद्रकिनारा किंवा धबधबा गावाच्या मालकीचा असतो, आत जायला थोडे पैसे मागितले तर घासाघीस करू नका. संध्याकाळी साआ ही प्रार्थनेची वेळ पाळली जाते. शंख किंवा घंटा वाजते आणि आउमांगाचे पुरुष रस्त्याकडेला उभे राहतात. तेवढा वेळ गावातून फिरू नका, आहात तिथेच थांबा. मताई घरात बसलेले असतील तर त्यांच्यासमोर उभं राहून बोलू नये. आधी खाली मांडी घालून बसावं आणि मग बोलावं. पाय त्यांच्याकडे पसरू नयेत, पसरावे लागलेच तर चटईने झाकून घ्यावेत.